सायलेन्सरची फुसफुस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

१९८६ सालचा श्रावण. कसबा पेठेतल्या आमच्या वाड्याचा दरवाजा ओलांडून आत आलं, की एक अरुंद, अंधारा बोळ लागायचा. त्या बोळात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पेडलवाली मोपेड उभी असायची. अण्णा हडपसरला एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. जाऊन येऊन वीसेक किलोमीटरची रपेट. मोपेड बंद पडली, की दोन बस बदला, नाहीतर अर्ध्या दिवसाचा पगार सोडा. त्यामुळे घरात त्या मोपेडचा मान मोठा. दसऱ्याला पहिला हार तिला, मग आमच्या पुस्तकांना.

मी तेव्हा नुकताच आयटीआयमध्ये निदेशक म्हणून रुजू झालो होतो. मोटार मेकॅनिकच्या मुलांना इंजिन शिकवायचो. तर एका रविवारी अण्णा म्हणाले, ''अरे, गाडी फुसफुस करतेय. चढावर ओढतही नाही. बघ जरा.'' बाहेर पाऊस कोसळत होता. झड आत येते आणि आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून मी बोळाचं दार लावून घेतलं. गाडी स्टँडवर चढवली, इंजिन चालू केलं आणि वाकून, कान लावून गळती शोधू लागलो. अण्णा शेजारी बॅटरी धरून उभे.

दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. अण्णा म्हणाले, ''डोकं जड झालंय रे.'' मी मान वर न करताच म्हटलं, ''सकाळपासून नुसता चहा घेताय. पित्त असेल.'' थोड्या वेळाने ते पायरीवर बसले आणि त्यांना उलटी झाली. आई आतून धावत आली. तिने आधी दार सताड उघडलं आणि मग मला जे बोलायचं ते बोलली. अण्णांना बाहेर ओसरीवर मोकळ्या हवेत बसवलं. तासाभराने त्यांना बरं वाटू लागलं, पण डोकेदुखी दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिली. माझंही डोकं ठणकत होतं. वाड्यातले डॉक्टर आले. त्यांनी नाडी बघायच्या आधी एकच प्रश्न विचारला, ''इंजिन चालू असताना दार बंद होतं का?''

आता सांगायला लाज वाटते, पण त्याच आठवड्यात मी वर्गात मुलांना इंजिनाच्या धुरात काय काय असतं ते शिकवलं होतं. फळ्यावर कार्बन मोनॉक्साइड असं ठळक लिहिलंही होतं. पण फळा वर्गात राहतो आणि आपण घरी येतो, त्यातली ही गोष्ट.

पेट्रोल पूर्ण जळलं, की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली, की जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्याला वास येतो तो जळक्या तेलाचा. या वायूचा नव्हे. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. पण कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणजे बसमधल्या जागा भलत्याच माणसाने अडवाव्यात आणि तो उतरायलाच तयार नसावा, तसं होतं. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, ही पहिली लक्षणं. ती नेमकी पित्तासारखी असल्यामुळे माणूस लिंबू-सरबत घेतो आणि तिथेच बसून राहतो. म्हणून आजच्या बोलण्यातली पहिली गोष्ट हीच. गळती शोधायला, दुरुस्त करायला, दुरुस्तीनंतर तपासायला, कशालाही बंद जागेत इंजिन चालू करायचं नाही. गळती नसलेली गाडीसुद्धा हाच वायू मागच्या टोकातून सोडत असते, हे विसरू नये.

मग गळतीचा वेगळा धोका तो काय? रस्त्यावर वारा असतो, धूर मागे उडून जातो, हे खरं. पण गळती बहुतेक वेळा पुढे, सिलिंडरच्या तोंडाशी असते. तिथून निघणारा वायू चार-पाचशे अंशांच्या घरात तापलेला असतो. जवळच पेट्रोलची नळी, कारब्युरेटर आणि प्लगची वायर असते. गरम झोत रोज एकाच जागी बसला, की नळी कडक होते, तडकते. आणि तडकलेल्या नळीतून पेट्रोल ठिबकलं, तर पुढचं सांगायला नको. पँट, साडी, ओढणी यांची गोष्टही तीच.

ही मोपेड नावाची वस्तू मुळात सायकल आणि मोटार यांचं लग्न लावून झालेली. 'मोटर' आणि 'पेडल' हे शब्द जोडून हे नाव स्वीडनमध्ये १९५०च्या दशकात रूढ झालं. आपल्याकडे पेडलवाली गाडी म्हटलं, की लूनाच आठवते. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ती बाजारात आणली. तिचा मूळ घाट इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडचा. ५० सीसीचं इंजिन, पेडल मारून चालू करायचं आणि चढ आला, की पुन्हा पेडल मारून इंजिनाला हातभार लावायचा. 'चल मेरी लूना' या जाहिरातीने तर ती घराघरांत पोचवली. लूनाचं नाव २०२४ साली विजेच्या गाडीच्या रूपात परत आलं. तिला सायलेन्सरही नाही आणि गळतीही नाही. पण जुन्या पेट्रोल मोपेड जपणारी मंडळी आजही आहेत आणि सायकलला छोटं इंजिन बसवणारे हौशी तरुणही आहेत. त्या तरुणांना एवढंच सांगतो, की २५ सीसीपेक्षा मोठं इंजिन बसवलेली सायकल कायद्याच्या लेखी मोटार वाहन ठरते. नोंदणीशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही.

या सगळ्या छोट्या गाड्यांत बहुतेक टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो, झाकतो. जळालेला वायू बाहेर जाण्याची खिडकी आणि ताजं मिश्रण आत येण्याची खिडकी काही क्षण एकदमच उघड्या असतात. त्यामुळे थोडं ताजं पेट्रोल न जळताच बाहेर निसटतं. इथे सायलेन्सर मदतीला येतो. वायूचा दणका नळीतून पुढे जातो, सायलेन्सरच्या आकारावर आदळून त्याची लाट परत फिरते आणि निसटू पाहणाऱ्या मिश्रणाला मागे ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात या लाटेचा बारकाईने अभ्यास करून शर्यतीच्या गाड्यांची ताकद कितीतरी वाढवली. आपल्या मोपेडचा सायलेन्सर काही शर्यतीचा नव्हे. पण तत्त्व तेच. वाटेत भोक पडलं, की लाट तिथेच विरते. म्हणून अण्णांची गाडी चढावर ओढत नव्हती. सायलेन्सर केवळ आवाजाचं झाकण नाही, तो इंजिनाचाच एक भाग आहे, हे यातून लक्षात घ्यावं.

गळती होते तीन ठिकाणी. पहिली, सिलिंडरला बेंड पाइप जिथे दोन नटांनी आवळलेला असतो तिथे. दुसरी, बेंड पाइप आणि सायलेन्सर यांच्या सांध्यात. तिसरी, सायलेन्सरच्या पोटाला गंजून पडलेल्या बारीक भोकांतून किंवा जिथे तो सांगाड्याला टांगलेला असतो तिथल्या चिरेतून. टू-स्ट्रोकची एक सोय अशी, की पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं असल्यामुळे गळती स्वतःच सही करून जाते. जिथे काळा, तेलकट डाग दिसेल, तिथेच ती आहे.

डाग दिसत नसेल, तर इंजिन चालू न करताही गळती सापडते. ही पद्धत मी त्या प्रसंगानंतर वर्गात शिकवू लागलो. थंड गाडीचा प्लग काढा. भोकातून प्लास्टिकची सरबताची नळी आत सोडा आणि मॅग्नेटो हाताने हळूहळू फिरवा. नळी सगळ्यात वर उचलली गेली, की पिस्टन माथ्यावर आला. आता धुराची खिडकी पिस्टननेच झाकलेली आहे. सायलेन्सरच्या मागच्या टोकात रबरी नळी घाला, भोवती ओलं फडकं कोंबा आणि सायकलच्या पंपाने बेताने हवा भरा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जिथे येतील, तिथे गळती. पंक्चर काढणाऱ्याची युक्ती, दुसरं काही नाही. काही सायलेन्सरना खालच्या बाजूला पाणी निथळायला मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक असतं. ते मात्र बुजवायचं नाही. आणि गळती शोधायला उदबत्ती पेटवणारे लोक मी पाहिले आहेत. पेट्रोलच्या टाकीखाली निखारा नेणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

गळती सापडली, की माणूस पहिल्यांदा धावतो ते दुकानात. तिथे चार तऱ्हेचं सामान मिळतं आणि इथेच घोटाळा होतो. दोन वड्या एकत्र मळून लावायची इपॉक्सी पाण्याच्या टाकीला उत्तम. पण सिलिंडरच्या तोंडाशी ती करपते, धूर सोडते आणि दोन दिवसांत पापडासारखी गळून पडते. लाल रंगाचं उष्णतारोधक सिलिकॉन साधारण अडीचशे ते तीनशे अंशांपर्यंत तग धरतं. त्यामुळे ते मागच्या सांध्याला ठीक, पुढच्याला नाही. तिसरी सायलेन्सरची पुट्टी. ती बहुधा सोडियम सिलिकेट, म्हणजे जलकाच आणि मातीसारखी बारीक पूड यांची असते. उष्णता तिला मानवते, पण वाळल्यावर ती काचेसारखी ठिसूळ होते. चौथं म्हणजे गॅस्केट, ज्याला आपण पॅकिंग म्हणतो.

ठिसूळपणा का नडतो, त्याचा हिशेब सोपा आहे. लोखंडी नळी एका अंशाला स्वतःच्या लांबीच्या दहा लाख भागांपैकी सुमारे बारा भाग वाढते. फूटभर नळी तीनशे अंशांनी तापली, की सुमारे एक मिलिमीटर लांबते. थंड झाली, की पुन्हा आखडते. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे सिलिंडर अॅल्युमिनियमचा आणि नळी लोखंडाची असेल, तर दोघांची चाल रोज वेगळी. त्यात इंजिनाची थरथर. मध्ये काचेसारखी कडक पुट्टी भरली, तर ती तडकणारच. अशा सांध्याला भरणी नको, दबणारं काहीतरी हवं.

दबणाऱ्या वस्तूचा धडा मला मिळाला तो तांबट आळीत. आमच्या वाड्यापासून दोन मिनिटांच्या अंतरावर. अण्णांच्या गाडीसाठी तांब्याच्या पातळ पत्र्याचा तुकडा मागायला मी गेलो. पातेल्याला ठोके घालणाऱ्या एका वृद्ध कारागिराने माझी हकीकत ऐकली. म्हणाला, ''मास्तर, तांबं ठोकलं की कडक होतं. म्हणून आम्ही मधे मधे भट्टीत घालतो. तुमची चकती बसवायच्या आधी लाल करा आणि पाण्यात टाका.'' मी म्हटलं, ''पाण्यात टाकल्यावर आणखी कडक होईल ना?'' तो हसला. ''ते पोलादाचं. तांब्याचं उलट.'' पुस्तकात मी हे वाचलेलं होतं. पण समोरच्या पातेल्यावर ठोके पडताना आवाज कसा बदलत जातो, ते त्याने ऐकवलं तेव्हा ते मनात बसलं. तापवलेलं तांबं मऊ असतं. दोन नटांच्या दाबाखाली ते दोन्ही पृष्ठांच्या खाचाखोचांत जाऊन बसतं आणि चार-पाचशे अंशांचं त्याला काही वाटत नाही. वाकडंतिकडं झालं नसेल, तर तीच चकती पुन्हा लाल करून वापरताही येते.

चकती बसवण्याआधी जुनं पॅकिंग खरवडावं लागतं. इथे एक सावधगिरी. जुन्या काळच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. त्याचे अदृश्य धागे फुप्फुसात गेले, की वर्षानुवर्षांनी भोवतात. म्हणून जुनं पॅकिंग कोरडं घासायचं नाही, फुंकर मारायची नाही. पाण्याने भिजवून, तोंडाला नीट बसणारा मास्क लावून, बोथट पात्याने हलकेच काढायचं आणि ओलं असतानाच पिशवीत बांधून टाकायचं. मग नळीचं फ्लँज बघा. नट वर्षानुवर्षं आवळून आवळून त्याच्या दोन्ही कडा वाकलेल्या असतात आणि मधोमध फट पडते. काचेच्या सपाट तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवा आणि त्यावर फ्लँज इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासा. जिथे चमक येते तो उंचवटा, जिथे काळं राहतं तो खळगा. सगळीकडे एकसारखी चमक आली, की सांधा अर्धा जुळला म्हणून समजा. माझा अनुभव असा, की दहांपैकी सहा-सात गळत्या या घासण्यानेच थांबतात. त्यावर लावलेलं दुकानातलं सामान फुकटचं श्रेय घेतं.

नट आवळण्यातही शिस्त हवी. एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात, तर चकती तिरकी दबते. या नटाला पाव फेरा, त्या नटाला पाव फेरा, असं आलटूनपालटून जावं. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. अॅल्युमिनियममधल्या स्टडचे आटे गेले, तर पाच रुपयांचं काम पाचशेवर जातं. स्प्रिंग वॉशर त्या उष्णतेत आपला ताण हरवून बसतो. म्हणून वर दुसरा नट चढवून कुलूप घातलेलं चांगलं. मग गाडी बाहेर, उघड्यावर नेऊन दहा मिनिटं चालवावी, पूर्ण थंड होऊ द्यावी आणि नट पुन्हा एकदा तपासावेत. पहिल्या तापण्यात चकती दबते आणि नट थोडे सैल पडतात. ही शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि महिन्याने पुन्हा फुसफुस ऐकतात.

राहता राहिली सायलेन्सरच्या पोटातली भोकं. ती पडतात आतून. एक लिटर पेट्रोल जळलं, की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी मिळून जातो, त्याचं पाणीच होतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि वाफ निघून जाते. घरापासून मंडईपर्यंत आणि परत एवढंच चालवलं, तर ती आतच निवते, साचते आणि पत्रा खाते. म्हणजे कमी चालणारी गाडी लवकर गंजते.

टाचणीएवढ्या भोकाला पुट्टी चालते, कारण तिथे धातूची ओढाताण कमी असते. पण आधी गंज लखलखीत घासून काढायचा, पत्रा किंचित ओला करायचा, पुट्टी भोकाच्या चहूबाजूंना पसरायची आणि रात्रभर वाळू द्यायची. सकाळी इंजिन मंद चालवून हळूहळू तापवायचं. घाई केली, तर पुट्टीतलं पाणी उकळतं आणि ती पुरीसारखी फुगते. भोक मोठं असेल, तर पुट्टीवर पत्र्याची पट्टी गुंडाळून दोन क्लिपांनी आवळावी. चीर असेल, तर मात्र वेल्डिंगवाल्याकडे जावं आणि आधी टांगणीचा सैल बोल्ट शोधावा. तो तसाच राहिला, तर चीर वेल्डिंगच्या शेजारी पुन्हा येते. पट्टीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको. तापल्यावर त्याचा धूर बाधतो. आणि बोटाने दाबल्यावर पत्रा कुरकुरत आत जात असेल, तर नवा सायलेन्सर घ्यावा. तिथे दुरुस्ती म्हणजे जीर्ण धोतराला ठिगळ.

अण्णांच्या गाडीला ती तांब्याची चकती मी पुढच्या रविवारी बसवली. ते निवृत्त होईपर्यंत त्या सांध्याने त्रास दिला नाही. मधे दोनदा चकती काढून, लाल करून पुन्हा बसवली, एवढंच. त्या प्रसंगाबद्दल अण्णा मला कधी काही बोलले नाहीत. पण पुढे कधीही मी पाना हातात घेतला, की ते घरातून हाक मारायचे, ''दार उघडं आहे ना रे?'' मी पुढची तीस वर्षं आयटीआयमध्ये शिकवलं. प्रत्येक नव्या तुकडीचा पहिला तास इंजिनाने नाही, तर वर्कशॉपची दारं-खिडक्या उघडण्याने सुरू व्हायचा. मुलं हसायची. मी कारण सांगायचो, मग हसायची थांबायची.